संगणक-चकतीवरील माहितीची पुनर्प्राप्ती
संगणकाच्या चकतीवर साठविलेली माहिती चुकून पुसली गेल्यास किंवा तिची मांडणी बिघडल्यास ती पुन्हा मिळवून संगणक पूर्ववत चालू करण्याच्या क्रियेस माहितीची पुनर्प्राप्ती म्हणतात. यंत्रातील बिघाड, आग, पूर इ. कारणांनीही माहिती नष्ट होते. येथे मुख्यत्वे मानवी चुकीमुळे होणाऱ्या हानीचा विचार केला आहे.

पुसलेली फाईल परत मिळू शकते, याचे कारण पुसण्याच्या क्रियेतच आहे. चकतीवर मजकूर एका जागी आणि तो कोठे आहे याची नोंद दुसऱ्या जागी असते. फाईल पुसण्याची आज्ञा दिली असता परिचालन प्रणाली बहुधा नोंद तेवढी रद्द करते व ती जागा रिकामी झाल्याचे मानते. मजकूर होता तेथेच राहतो. ग्रंथालयाच्या तालिकेतून एखाद्या ग्रंथाचे पत्र काढून टाकावे, पण ग्रंथ फडताळातच असावा, तसा हा प्रकार होय. एमएस-डॉस प्रणालीतील फॅट पद्धतीत पुसलेल्या फाईलच्या नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे षोडशमान पद्धतीतील ई५ हे मूल्य लिहिले जाई व तिच्या तुकड्यांची साखळी मोकळी केली जाई. १९८२ मध्ये विक्रीस आलेल्या नॉर्टन युटिलिटीज या संचातील आज्ञावलीने अशी फाईल परत आणता येई. तुकडे चकतीवर सलग असले, तर हे काम सोपे असे.

मात्र रिकाम्या मानलेल्या जागेवर केव्हाही नवा मजकूर लिहिला जातो आणि एकदा तो लिहिला गेला की जुना परत मिळत नाही. म्हणून चूक ध्यानात येताच त्या चकतीवरील लेखन थांबविणे सर्वांत महत्त्वाचे असते. पुनर्प्राप्तीची आज्ञावली त्याच चकतीवर उतरवून घेणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. शोधावयाची वस्तू अशा वेळी शोधण्याच्या साधनाखालीच गाडली जाते. युनिक्स व लिनक्स प्रणालींत फाईलचे नाव पुसले, तरी एखाद्या चालू आज्ञावलीने ती उघडलेली असेपर्यंत मजकूर कायम राहतो व त्याची प्रत काढता येते. अशा वेळी घाईने संगणक बंद केल्यास ही संधी जाते. एरवी चकती सोडवून घेऊन तिची आरंभापासून अखेरपर्यंत हुबेहूब प्रत दुसऱ्या चकतीवर काढतात व पुढील सर्व काम त्या प्रतीवर करतात. डीडीरेस्क्यू ही आज्ञावली प्रथम निर्दोष भाग वाचून घेते व खराब भागांकडे नंतर वळते, त्यामुळे मरणपंथाला लागलेल्या चकतीवरील ताण कमी होतो.

नोंदीच नष्ट झाल्या असतील, तर मजकुराच्या ठेवणीवरून फाईल ओळखावी लागते. उदा., जेपेग छायाचित्राचा आरंभ एफएफ डी८ व शेवट एफएफ डी९ या बाइटांनी होतो. फोटोरेक ही आज्ञावली अशा खुणा शोधीत संपूर्ण चकती तपासते. फाईलींची मूळ नावे मात्र या रीतीने बहुधा मिळत नाहीत.

घन-अवस्था साठवणीत, म्हणजेच एसएसडीमध्ये, परिस्थिती वेगळी आहे. तेथे ट्रिम या आज्ञेने कोणती जागा निरुपयोगी झाली हे साठवणीस कळविले जाते व ती जागा पुढे खरोखरच पुसली जाते. त्यामुळे चुंबकीय चकतीच्या काळात वाढलेला भरवसा तेथे ठेवता येत नाही.

यामुळे राखीव प्रत हाच पुनर्प्राप्तीचा खरा आधार ठरतो. रेड पद्धतीत एकच मजकूर अनेक चकत्यांवर ठेवता येतो, परंतु तिला राखीव प्रत मानणे चूक होय, कारण पुसण्याची आज्ञाही सर्व चकत्यांवर पोहोचते. प्रत परत वाचता येते की नाही, याची खात्री न केल्यास काय होते, हे गिटलॅब या कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतावरून दिसते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्यास दुय्यम सर्व्हरवरील निर्देशिका रिकामी करावयाची होती; आज्ञा मात्र मुख्य सर्व्हरवर दिली गेली. चूक एकदोन सेकंदांत लक्षात आली, तरी सु. ३०० गिगाबाइटांपैकी केवळ ४.५ गिगाबाइट उरले. नित्याच्या राखीव प्रती आज्ञावलीच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे तयारच होत नव्हत्या आणि त्याबद्दलचे इशारे देणारे ईमेल नाकारले जात होते. अखेर त्याच अभियंत्याने सु. सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. तिच्यावरून सेवा सुमारे १८ तासांनी पूर्ववत झाली. मधल्या काळात तयार झालेले सु. ५,००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि सु. ७०० नव्या वापरकर्त्यांची खाती यांच्या नोंदींना ही हानी पोहोचली; प्रकल्पांतील आज्ञावल्यांचे मूळ लेखन वेगळ्या ठिकाणी साठविलेले असल्याने ते सुरक्षित राहिले.