बूट फाटला, गुडघा मुरगळला

२० फेब्रुवारी २०१९. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे बास्केटबॉल स्टेडियम खचाखच भरले होते. प्रेक्षकांत माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामाही होते. सामना सुरू होऊन मिनिटही झाले नसेल. ड्यूकचा १८ वर्षांचा खेळाडू झायन विल्यमसन चेंडू घेऊन वळायला गेला, त्याने डावा पाय रोवला आणि त्या पायातला नायकीचा बूट सोलापासून उसवला. पाय बाहेर आला, झायन घसरला, उजवा गुडघा मुरगळला. दुखापत सौम्य होती, तरी सुमारे तीन आठवडे तो खेळू शकला नाही. दुसऱ्या दिवशी नायकीचा शेअर सुमारे एक टक्क्याने घसरला.

बूट असा फाटतो कसा? सरळ चालताना बुटावरचा भार मुख्यतः वरून खाली येतो. बास्केटबॉलमध्ये मात्र खेळाडू वेगात येऊन एकदम थांबतो, आडवा वळतो. सोल जमिनीला घट्ट पकडून असतो आणि शरीर पुढे जात असते. ही ओढाताण सोल आणि वरचा भाग यांच्या जोडावर येते. वजन आणि वेग जितका जास्त, तितकी ती मोठी. झायनचे वजन तेव्हा सुमारे १२९ किलो होते. बुटाची पकड सुटली की पाय अनपेक्षितपणे सरकतो. स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही आणि गुडघ्याची हाडे बांधून ठेवणारे लिगामेंट ताणले जातात.

आता थोडे व्यवहाराविषयी. अमेरिकेत विद्यापीठाचा संघ कोणते बूट घालणार, हे बहुधा विद्यापीठ आणि कंपनी यांच्यातील करार ठरवतो. २०१६ मध्ये अंडर आर्मर कंपनीने लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाशी १५ वर्षांसाठी २८ कोटी डॉलरचा करार केला. २०२० मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतले आणि विद्यापीठ नायकीच्या जॉर्डन ब्रँडकडे गेले. ज्यांच्या पायांवर ही जाहिरात धावत होती, त्या विद्यार्थ्यांना मात्र आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा जुलै २०२१ पर्यंत नव्हती. झायन खेळत होता तो याच काळात. गुडघा कायमचा जायबंदी झाला असता, तर नुकसान त्याचे होते.

आपल्याकडे एवढे करार नसले, तरी बूट निवडताना ब्रँडचेच नाव आधी पाहिले जाते. पायाला नावाशी देणेघेणे नसते. धावण्याचे बूट पुढच्या दिशेच्या हालचालीसाठी बनवलेले असतात; ते घालून बॅडमिंटन किंवा बास्केटबॉल खेळल्यास आडव्या हालचालीत घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. खेळताना घालणार तेच मोजे घालून, दोन्ही पायांत घालून पाहावेत. पुढे अंगठ्याएवढी जागा असावी, टाच मात्र हलू नये. दुकानातच टोचणारा बूट नंतर सैल होईल, या आशेवर घेऊ नये.

जपून ठेवलेल्या बुटांचाही भरवसा धरू नये. काही सोलांमधील पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होते. कोकणासारख्या दमट हवेत कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेला, दिसायला कोरा बूट पहिल्याच दिवशी भुगा होऊन सुटू शकतो. म्हणून मैदानात उतरण्यापूर्वी बूट हाताने वाकवून सोलाचा जोड पाहावा. तडा किंवा फट दिसली, तर त्या दिवशी तो घालू नये.

मार्चमध्ये झायन परतला, तेव्हा नायकीने त्याच्यासाठी खास मजबूत केलेले बूट त्याच्या पायांत होते. आपल्या मुलांसाठी असे बूट कोणी बनवून देणार नाही. ती तपासणी आपल्यालाच करावी लागेल आणि तिला दोन मिनिटे पुरतात.