मैदानाचा पैसा (भाग ७) : चटई मिळते, शिकवणारा मिळत नाही

आज अर्जाचा नमुना द्यायचे कबूल केले होते. तो पुढच्या आठवड्यात देतो, कारण मागच्या भागावर आलेल्या एका पत्रातला प्रश्न नमुन्याच्या आधी सुटायला हवा. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलचे क्रीडाशिक्षक लिहितात, ‘तुम्ही सांगितलेल्या बहुतेक योजनांमधून आम्हाला साहित्य मिळेल. पण मुलींच्या कबड्डी संघाला रोज संध्याकाळी शिकवायला बाहेरून कुणाला बोलवायचे, तर त्याचे मानधन कुठल्या योजनेत बसते?’ हा प्रश्न एकट्या त्या शाळेचा नाही. माध्यमिक शाळांच्या खेळासाठी येणारा पैसा बहुतांश वस्तूंसाठी येतो. खेळ मात्र शिकवणाऱ्या माणसावर, सामन्यांच्या प्रवासावर आणि मैदानाच्या रोजच्या देखभालीवर उभा राहतो. म्हणून शाळांनी आता आपली मागणीच बदलावी आणि वस्तूंऐवजी चालू खर्चासाठी पैसे मागावेत, असे माझे ठाम मत आहे. तशी मागणी करायला कायद्यात जागा आहे, हेही आज दाखवायचे आहे.

आधी आजची स्थिती पाहू. समग्र शिक्षा योजनेत क्रीडा अनुदान आहे : प्राथमिक शाळेला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत. ही रक्कम क्रीडासाहित्यासाठी आहे आणि ती शासकीय शाळांसाठी आहे. महाराष्ट्रात इथेच मोठी अडचण येते. आपल्याकडे माध्यमिक शिक्षण उभे केले ते संस्थांनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेपासून तालुक्याच्या गावातल्या एकेका शाळेच्या छोट्या संस्थेपर्यंत हा पसारा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक ठिकाणी फार तर सातवी-आठवीला संपतात आणि पुढची मुले खासगी अनुदानित हायस्कुलात जातात. म्हणजे अनुदानाचा सर्वांत मोठा टप्पा ज्या इयत्तांसाठी ठेवला, त्या इयत्तांची आपली बहुसंख्य मुले त्याच्या कक्षेबाहेर राहतात. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा असला तरी तो टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतो. त्यातून व्यायामशाळेची इमारत होते, तिथल्या प्रशिक्षकाचा पगार होत नाही. क्रीडा खात्याच्या व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाच्या योजनांचा रोखही बांधकामाकडे आणि साहित्याकडेच आहे. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे, शिवाय हातखर्चाला महिना १०,००० रुपये मिळतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण तो पैसा गुणवत्ता सिद्ध झाल्यावर खेळाडूमागे जातो. ती गुणवत्ता ज्या शाळेत पहिल्यांदा दिसली, तिच्या वाट्याला काय येते? शाळेच्या किमान दोन विद्यार्थ्यांनी खेलो इंडियाच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत पदक मिळवले, तर समग्र शिक्षेतून आणखी २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. तेही जिंकल्यानंतर.

वस्तूंना इतकी पसंती का, याचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण त्यामागे वाईट हेतू नाही. देणाऱ्याला हिशेब हवा असतो आणि वस्तूचा हिशेब सोपा असतो. बिल लावले, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली, फोटो काढला, उपयोगिता प्रमाणपत्र गेले की फाइल बंद होते. माणसाच्या कामाचा हिशेब वर्षभर चालतो. कंपन्यांच्या बाबतीत मार्चअखेरची घाईही असते. आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायचा असेल, तर दोन आठवड्यांत विकत घेता येईल अशीच गोष्ट दानासाठी निवडली जाते. पण हिशेबाला सोपी असलेली गोष्ट मुलांच्या उपयोगाची असेलच असे नाही. कबड्डीची मॅट घ्या. ती छताखाली सपाट जागेवर अंथरावी लागते, पुसावी लागते, गुंडाळून ठेवावी लागते आणि रोज तिच्यावर मुलींना पकडी शिकवणारे कुणीतरी लागते. यातले काहीच नसेल, तर ती खोलीत गुंडाळलेली राहते आणि कागदोपत्री मात्र अनुदानाचा विनियोग शंभर टक्के झालेला असतो.

वस्तूपेक्षा माणूस महत्त्वाचा, याला महाराष्ट्राच्याच धावपटूंचा पुरावा आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शेतकरी कुटुंबातला. शाळेला जायला-यायला रोज मैलोगणती अंतर कापणारा मुलगा. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि स्टीपलचेस हा प्रकार त्याने सुरू केला तो तिथेच, वयाची विशी ओलांडल्यावर. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य मिळवले आणि हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. लांब पल्ल्याचे धावणे हा सर्वांत कमी साहित्याचा खेळ. त्यात उणीव भासते ती साहित्याची नव्हे, शिकवणाऱ्या माणसाची. उलट उदाहरण नाशिकचे आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतला विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक शिकण्याच्या वयातच मिळाला आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ती दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदकाची मानकरी ठरली. दोन खेळाडूंवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला मान्य आहे. पण दोघांच्या वाटेत फरक पडला तो माणूस कधी भेटला यामुळे, आणि आपल्या बहुतेक योजना नेमका तोच खर्च टाळतात.

यावर पहिला आक्षेप असा : शिकवणारा माणूस तर शाळेत असतोच, मग त्याच्यासाठी वेगळे पैसे कशाला? यात तथ्य असते तर आनंदच झाला असता. शिक्षण हक्क कायद्याने मैदान, खेळाचे साहित्य आणि शंभरापेक्षा जास्त पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हे शाळेचे निकष ठरवले. पण हा कायदा आठवीपर्यंतचा आहे. नववी-दहावीची मुले, म्हणजे सतरा वर्षांखालच्या गटाचा कणा, त्याच्या बाहेर राहतात. हायस्कुलात क्रीडाशिक्षक असला तरी त्याच्याकडे इतर विषयांचे तास असतात, परिपाठापासून परीक्षांपर्यंतची कामे असतात आणि चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील गटांच्या तालुका ते विभाग पातळीवरच्या स्पर्धांची कागदपत्रेही असतात. खो-खो, कबड्डी, ॲथलेटिक्स आणि कुस्ती या चारही खेळांचे बारकावे एकाच शिक्षकाने रोज शिकवावेत, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. बाहेरचा प्रशिक्षक त्याची जागा घेत नाही, त्याचा हात बळकट करतो.

आता मुख्य उत्तर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. कोणती कामे चालतील याची यादी सातव्या परिशिष्टात आहे. तिच्यातल्या खेळांच्या नोंदीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांना चालना देण्यासाठीचे ‘प्रशिक्षण’ असे म्हटले आहे. शिकवणे हाच त्या नोंदीचा गाभा आहे. त्यापुढची तरतूद शाळांना फारशी ठाऊक नसते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला बहुवर्षीय प्रकल्प हाती घेता येतो : सुरुवातीचे वर्ष आणि त्यानंतर तीन वर्षे. म्हणजे एका मुलीच्या सातवीपासून दहावीपर्यंतच्या प्रशिक्षणाची सोय एकाच प्रस्तावात मागता येते. आकडेही आवाक्यातले आहेत. प्रशिक्षकाचे मानधन महिना १२,००० रुपये धरले, तर दहा महिन्यांचे १ लाख २० हजार होतात. सरासरी ५ कोटी नफ्याच्या कंपनीची वर्षाची जबाबदारी १० लाखांची असते. ही जबाबदारी ५० लाखांपर्यंत असेल, तर वेगळी समिती नेमण्याची सक्तीही नसते, संचालक मंडळच निर्णय घेते. त्यामुळे एमआयडीसीतल्या मध्यम कंपनीच्या मालकांना मुख्याध्यापकांनी थेट भेटण्यात अर्थ आहे, आणि ही भेट फेब्रुवारीच्या घाईत न होता पावसाळ्यात व्हावी. संस्थेची तयारी मात्र आधी हवी : आयकराची १२अ आणि ८०जी नोंदणी, सीएसआर क्रमांक आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. साहित्य मोजता येते, मानधनाला वाटा फुटतात, असे देणारे म्हणतात आणि ही भीती निराधार नाही. तिचे उत्तर मोजमापानेच दिले पाहिजे. फिट इंडियाच्या शालेय चाचण्यांमध्ये ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे, लवचिकता आणि पोटाच्या स्नायूंची ताकद अशा कसोट्या ठरलेल्या आहेत आणि त्या कुठल्याही साध्या मैदानावर घेता येतात. जुलै आणि जानेवारीत प्रत्येक मुलीची नोंद ठेवावी, सरावाची हजेरी ठेवावी, किती सामने खेळलो आणि किती मुली दुसऱ्या वर्षी टिकल्या ते लिहावे आणि मानधन थेट प्रशिक्षकाच्या बँक खात्यात जमा करावे. असा तक्ता पाहणाऱ्या देणगीदाराला मॅटच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त कळते. पदकांची संख्या मात्र या तक्त्यात मुख्य ठेवू नये. पदकावर मदत अवलंबून ठेवली, तर शाळा मोजक्या तयार खेळाडूंकडे वळतील आणि नुकती मैदानावर आलेली मुलगी पुन्हा बाकावर बसेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कायदा कंपन्यांना आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. मग चाकण-वाळूजच्या आसपासच्या शाळांना मदत मिळेल, पण गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव या आकांक्षित जिल्ह्यांचे काय? आणि शाळा कंपन्यांकडे जाऊ लागल्या, तर शासन आपली जबाबदारी झटकणार नाही का? दोन्ही शंका खऱ्या आहेत, म्हणूनच कंपन्यांचा पैसा हा अखेरचा उपाय होऊ शकत नाही. चालू खर्चासाठी शासनाला तरतूद करता येते, याचा दाखला खेलो इंडियाच्या छोट्या केंद्रांनी दिला आहे. देशभर अशी १,००० केंद्रे उभारण्याची योजना २०२० मध्ये जाहीर झाली आणि तिच्यात एका खेळामागे एकदा ५ लाख, शिवाय दर वर्षी ५ लाख रुपये आहेत. या वार्षिक रकमेतून पूर्वी स्पर्धा गाजवलेल्या खेळाडूला प्रशिक्षक म्हणून मानधन देता येते, साहित्य घेता येते आणि संघाला स्पर्धेलाही नेता येते. हेच तत्त्व राज्याने अनुदानित हायस्कुलांना लावावे, रक्कम कितीतरी लहान असली तरी चालेल, आणि सुरुवात उद्योग नसलेल्या तालुक्यांपासून करावी. कंपन्यांच्या मदतीने चाललेल्या शाळांचे तीन-चार वर्षांचे तक्ते हाती असतील, तर या मागणीला पुराव्याचे बळ मिळेल.

तेव्हा सातारच्या सरांना उत्तर असे : मानधन बसते, पण ते मागावे लागते, आणि कामाचे स्वरूप, मोजमाप व कालावधी लिहून मागावे लागते. ज्या शाळेत साधा चेंडूही नाही तिने साहित्य जरूर मागावे. पण जिच्या कपाटात साहित्य आहे आणि मैदान संध्याकाळी रिकामे आहे, तिने या वर्षीच्या प्रस्तावात पहिली ओळ प्रशिक्षकाची लिहावी, दुसरी प्रवासाची आणि तिसरी मैदानाच्या देखभालीची. पुढच्या आठवड्यात अर्जाचा नमुना याच क्रमाने देतो.