जंगलाला दोष देण्याआधी लॉग उघडा

चंद्रपूर-गडचिरोलीत बँकेची, पोस्टाची, पतसंस्थेची किंवा सेवा सहकारी संस्थेची शाखा सांभाळणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य कायम असतं : ‘साहेब, सकाळपासून लिंकच नाही जी.’ नागपूर-मुंबईच्या आयटी विभागाकडे त्यावर उत्तर तयार असतं : ‘तिकडं जंगल आहे, नेटवर्क नाही, काय करणार?’ मुख्य कार्यालयानं पाठवलेलं नवं सॉफ्टवेअर एटापल्लीच्या शाखेत बसलं नाही, की प्रकरण या दोन वाक्यांत मिटतं. दुसऱ्या दिवशी तेच पॅकेज जसंच्या तसं पुन्हा पाठवलं जातं आणि पुन्हा फसतं. मधल्या मध्ये धानाच्या चुकाऱ्यासाठी नाहीतर तेंदूपत्त्याच्या पैशासाठी एसटीनं आलेली बाई ‘उद्या या’ ऐकून परत जाते. तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो तो बुडतोच. या बिघाडांविषयीचे गैरसमज मला किरकोळ वाटत नाहीत, ते यासाठी.

गैरसमज : जंगलात नेटवर्क नाही, म्हणून सॉफ्टवेअर बसत नाही

यात अर्धं खरं आहे, हे आधी मान्य करू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा उत्तर-दक्षिण लांबलचक पसरलेला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून भामरागड सुमारे १८० किलोमीटर. पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा रस्ता बंद पडल्याच्या बातम्या पावसाळ्यामागून पावसाळा येत राहिल्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातही जिवतीच्या पहाडावर आणि चंद्रपूर शहरात सारखी रेंज मिळत नाही. मोबाइल न पोचलेल्या गावांसाठी केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये बीएसएनएलमार्फत फोर-जी पोचवण्याची २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती अशाच गावांसाठी.

पण लाइन बारीक असणं आणि सॉफ्टवेअर न बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब करून पाहा. शाखेची लाइन २ एमबीपीएसची आणि पॅकेज ७०० एमबीचं. लाइनवर दुसरं काहीच नसेल, तर एका कॉम्प्युटरवर ते उतरायला साधारण ४७ मिनिटं लागतात. शाखेतल्या पाचही कॉम्प्युटरांनी एकाच वेळी तेच पॅकेज ओढायला घेतलं, तर जवळपास चार तास, आणि तेवढा वेळ काउंटरवरचं काम ठप्प. पाठवणाऱ्यानं दोन तासांची मुदत ठेवली असेल, तर पाचही ठिकाणी ‘अयशस्वी’ उमटणारच. इथं दोष जंगलाचा नाही, तीच फाइल पाच वेळा पाठवणाऱ्या नियोजनाचा आहे. फाइल शाखेत एकदाच उतरवायची आणि बाकीच्या कॉम्प्युटरांनी ती शेजारच्या मशीनवरून घ्यायची, ही सोय विंडोज सेव्हनच्या काळापासून आहे. लिंक तुटली तर जिथं तुटली तिथून पुढं डाउनलोड सुरू करणारी ‘बिट्स’ ही सेवा तर त्याहून जुनी. दोन्ही फुकट मिळतात, फक्त चालू करून ठेवाव्या लागतात.

उपग्रहावरच्या, म्हणजे व्हीसॅटवर चालणाऱ्या शाखांचं गणित आणखी निराळं. भूस्थिर उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तरही तसंच वर जाऊन खाली येतं. प्रकाशाच्या वेगानं धावूनही यात जवळपास अर्धा सेकंद जातो, मधल्या यंत्रणा धरून ०.६ सेकंद. फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतींत ६४ केबी पाठवल्यावर पोच मिळेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे लाइन दहा एमबीपीएसची असो की वीसची, सेकंदाला १०७ केबीच्या आसपासच माल पुढं सरकतो आणि तेच ७०० एमबी उतरायला दोन तासांच्या घरात वेळ लागतो. अशा शाखेसाठी ‘लाइन वाढवा’ असा प्रस्ताव पाठवणं म्हणजे पैसा वाया घालवणं. पाठवण्याची पद्धत बदलायला हवी. महाराष्ट्र सरकारनं ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव आहे. त्या कंपनीचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळं ही अर्ध्या सेकंदाची अडचण तिथं उरत नाही. बाकीच्या अडचणी मात्र उरतात, आणि त्याच जास्त आहेत.

नेटवर्कचा दोष आहे की नाही, हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे यादी पाहणं. भामरागड, सिरोंचा आणि नागपुरातली सीताबर्डी अशा तिन्ही शाखांत एकाच एरर कोडनं पॅकेज फसलं असेल, तर खोट पॅकेजमध्ये आहे. एकाच शाखेतलं एकच मशीन फसलं, तर त्या मशीनमध्ये. एका शाखेतली सगळी मशीन फसली आणि दुसऱ्या शाखेत सगळं सुरळीत असलं, तर मग लिंककडं बोट दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक वेळा तेच कोणी करत नाही.

गैरसमज : पिंग लागतो, म्हणजे जोडणी ठीक आहे

पिंग हे ३२ बाइटचं छोटं पाकीट. ते पोचलं म्हणून मोठं पोचेलच असं नाही. शाखा व्हीपीएनच्या बोगद्यातून जोडलेली असते, तेव्हा प्रत्येक पाकिटावर एक जादा वेष्टन चढतं आणि आत १,५०० बाइटची नेहमीची जागा उरत नाही. मधल्या एखाद्या राउटरनं मोठी पाकिटं न कळवता टाकून दिली, तर पिंग झकास चालतो, लॉगिनचं पानही उघडतं आणि फाइल मात्र शून्य टक्क्यावर अडकून राहते. तपासायचं असं : ‘तोडू नका’ ही अट घालून १,४७२ बाइटचं पिंग पाठवा. नाही गेलं तर आकडा १,४०० वर, मग १,३५० वर आणत जा. जिथं उत्तर येऊ लागेल, त्या आकड्यात वेष्टनाचे २८ बाइट मिळवले, की त्या लाइनची खरी मर्यादा मिळते, आणि राउटरवर तीच लावायची.

आणखी एक खबरदारी. पिंगला उत्तर देणारं मशीन तेच आहे ना, हेही पाहा. पत्ते आपोआप वाटले जात असतील आणि नावांची नोंद जुनी राहिली असेल, तर कुरखेड्याच्या नावानं आरमोरीचं मशीन उत्तर देतं.

गैरसमज : आम्ही रोज कॉम्प्युटर बंद करतो, म्हणजे रिस्टार्ट होतोच

या एका गैरसमजानं शाखेतल्या कर्मचाऱ्यांना किती बोलणी खावी लागतात, याला गणती नाही. आयटीवाले फोनवर सांगतात, ‘तुम्ही रिस्टार्ट केलेलंच नाही.’ इकडचा माणूस शपथेवर सांगतो, की काल संध्याकाळी मशीन बंद केलं, मेन स्विचही पाडला. दोघंही खरं बोलत असतात. २०१२ च्या विंडोज एटपासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल, तर ‘शट डाउन’ दाबल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण मिटत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तिथूनच पुढं सुरू होतो. अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन ज्या ताज्या सुरुवातीची वाट पाहतं, ती त्याला मिळतच नाही. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘अप टाइम’ पाहा. रोज संध्याकाळी बंद होणारं मशीन तिथं पंचवीस-तीस दिवस सलग चालू असल्याचं दाखवतं. ‘रिस्टार्ट’ हा शब्द निवडला तरच खरी नवी सुरुवात होते. शाखांच्या मशीनवर ही सोय मुख्य कार्यालयानंच बंद करून ठेवावी, म्हणजे वाद मिटेल.

मेन स्विच पाडण्याबद्दलही शाखेला दोष देऊ नये. आपल्या भागात मृगापासून विजांचा जो कडकडाट सुरू होतो, त्यात प्लगमध्ये राहिलेलं मशीन, मॉडेम, यूपीएस सगळं जळू शकतं. संध्याकाळी स्विच पाडणारा शिपाई संस्थेची मालमत्ता वाचवत असतो. तेव्हा ‘रात्री एक वाजता पुश करू, लाइन मोकळी असते’ हे नियोजन या शाखांसाठी मुळातच चुकलेलं आहे. दूरवरून मशीन जागं करण्याचा संदेशही सहसा राउटरच्या पलीकडं जात नाही, आणि वीजच नसेल तर जागं व्हायला आहे तरी काय? पाठवायचं ते दिवसा, लाइनचा ठरावीक वाटाच वापरून, आणि दोन-तीन दिवसांत हळूहळू.

स्विच पाडण्याचा एक परिणाम मात्र खरा आहे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला असेल, तर वीज गेली की मशीनचं घड्याळ मागं जातं. विंडोज डोमेनमध्ये पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की सर्व्हर त्या मशीनची ओळख पटवून घेत नाही, आणि तारीख काही वर्षं मागं गेली तर सुरक्षा प्रमाणपत्रही ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारलं जातं. फोनवर पहिला प्रश्न विचारावा तो हा : ‘पडद्यावर उजवीकडं खाली तारीख काय दिसते?’

गैरसमज : लाल म्हणजे फेल, हिरवं म्हणजे झालं

विंडोजचा इन्स्टॉलर काम संपवताना एक आकडा मागं ठेवतो. ३०१० म्हणजे काम झालंय, रिस्टार्ट हवाय. तो न ओळखणारी यंत्रणा त्याला अपयश समजते आणि मुख्यालयाच्या पडद्यावर लाल दाखवते. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थोड्या वेळानं या. १६०३ म्हणजे काहीतरी मोठं अडलं, पण काय ते या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी तपशीलवार लॉग चालू करून त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधायचे. त्याच्या लगेच वरच्या ओळींत खरं कारण सापडतं : डिस्क भरली, जुनी आवृत्ती निघत नाही, फाइल अँटिव्हायरसनं धरून ठेवली. एवढं वाचायला शिकलेला माणूस मुख्य कार्यालयात असेल, तर भामरागडची जीपफेरी वाचते.

लाल रंग कधी साफ खोटाही असतो. सॉफ्टवेअर ३२ बिटचं असल्यानं ते ‘प्रोग्राम फाइल्स एक्स ८६’ या फोल्डरात बसलं आणि तपासणारा नियम दुसऱ्याच फोल्डरात शोधत राहिला. शाखेत काम चालू असतं आणि मुख्यालयाच्या पडद्यावर ती शाखा महिनाभर लाल असते.

‘माझ्या मशीनवर तर बसलं’ हा दावाही असाच तपासून घ्यावा. आयटीवाला स्वतःच्या लॉगिननं, समोर बसून, ‘नेक्स्ट-नेक्स्ट’ करत बसवतो. दूरवरून तेच काम ‘सिस्टम’ नावाचं खातं करतं. त्या खात्याला तुमचा नेटवर्कवरचा झेड ड्राइव्ह दिसत नाही. इन्स्टॉलरनं एखादी खिडकी उघडलीच, तर विंडोज व्हिस्टापासून ती वेगळ्या, अदृश्य सत्रात उघडते. कोणालाही न दिसणारी ती खिडकी ‘नेक्स्ट’ची वाट पाहत राहते आणि मुदत संपली की अपयशाची नोंद होते. शाखेतल्या माणसाचा यात काडीचाही संबंध नसतो.

गैरसमज : आता सगळं क्लाउडवर आहे, शाखेत काही बसवायचंच नाही

पोस्टाचं उदाहरण ताजं आहे. ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत डाक विभागानं देशभरातल्या सुमारे १ लाख ६५ हजार डाकघरांत ‘एपीटी’ ही नवी प्रणाली सुरू केली. ती सरकारी क्लाउडवर चालते. तरीही शाखेच्या टोकाला ब्राउझर, छपाईचा ड्रायव्हर, प्रमाणपत्रं या गोष्टी लागतातच. बँक मित्राकडच्या, ग्राहकाच्या बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, जुनं झालं, तर क्लाउड कितीही चांगला असला तरी पैसे निघत नाहीत. शाखेतला थर पातळ झाला आहे, संपलेला नाही.

पोस्टाच्या त्याच कामातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. देशभर जाण्याआधी मे-जून २०२५ मध्ये कर्नाटक सर्कलमध्ये प्रणाली चालवून पाहिली, त्रुटी काढल्या आणि ४ लाख ६० हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना शिकवलं. याच्या अगदी उलट घडलं ते १९ जुलै २०२४ रोजी. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर एकदम गेलं, ७८ मिनिटांत मागं घेतलं गेलं, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली होती. त्यातल्या बहुतेकांजवळ माणसानं जाऊन, सेफ मोडमध्ये उघडून, एक फाइल हातानं काढावी लागली. असा प्रसंग दक्षिण गडचिरोलीतल्या शाखांवर ऐन पुराच्या दिवसांत आला, तर तिथवर पोचणार कोण?

म्हणून चाचणीची शाखा निवडताना मुख्यालयाच्या खालच्या मजल्यावरची निवडू नये. सगळ्यात बारीक लाइनची, सगळ्यात जुनं मशीन असलेली, स्विच पाडणाऱ्या शिपायाची शाखा आधी घ्यावी. तिथं बसलं तर नागपुरात बसेलच. तारीखही शाखेला विचारून ठरवावी. धान खरेदीचे चुकारे आणि तेंदूपत्त्याचं वाटप चालू असतानाचे आठवडे कोणते, हे कोरचीच्या रोखपालाला पाठ असतं. मुख्यालयानं फोन करून विचारलं, तर तो लगेच सांगेल.