दोन जुने संगणक आणि न उघडणारे फोल्डर

घरात विंडोज एक्सपीवर चालणारा एक संगणक असतो, विंडोज सेव्हन किंवा विंडोज टेनवर चालणारा दुसरा असतो, दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालते, आणि तरीही एकावरचे फोल्डर दुसऱ्यावर उघडत नाही, ही तक्रार अजून पुरती इतिहासजमा झालेली नाही. महाराष्ट्रात असे जुने संगणक टिकून राहण्याला एक खास कारणही आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींमध्ये टंकलेला मजकूर, पेजमेकरमध्ये लावलेली पुस्तकांची पाने आणि त्या प्रणाली सुरू होण्यासाठी संगणकाच्या मागे खोचावे लागणारे डोंगल, म्हणजे परवान्याची खातरजमा करणारे छोटे उपकरण, हे सारे जुन्या यंत्राशी असे बांधले गेले आहे, की डीटीपीचे काम घरून करणाऱ्यांना ते यंत्र मोडीत काढणे परवडत नाही. एक्सपीला मिळणारी अधिकृत दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज सेव्हनला मिळणारी १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, त्यामुळे अशा घरांना आपला मार्ग आपणच शोधावा लागतो.

हा शोध बहुतेकदा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. ‘नेटवर्क’ किंवा ‘माय नेटवर्क प्लेसेस’ उघडून तिथे दुसऱ्या संगणकाचे चित्र दिसते का हे पाहिले जाते, ते न दिसल्यास जोडणीच नाही असे मानले जाते आणि मग तारा काढून घालण्यात संध्याकाळ जाते. वस्तुतः ते चित्र हा या साखळीतला सर्वांत बेभरवशाचा पुरावा आहे. फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात जाण्यासाठी आधी दोघांत प्रत्यक्ष वाट असावी लागते, मग दोघांचे पत्ते एकाच जाळ्यातले असावे लागतात, मग फायरवॉलने वाट सोडावी लागते, मागणाऱ्याची ओळख पटावी लागते, आणि शेवटी दोन्ही यंत्रांना देवघेवीचे नियम समान असावे लागतात. तपासणीही याच क्रमाने, तळापासून वर, करावी.

तारेची बाब लवकर निकालात निघते. दोन संगणक राउटरशिवाय थेट तारेने जोडले असतील आणि दोन्हींचे नेटवर्क कार्ड जुने, १०० मेगाबिट वेगाचे असेल, तर साधी तार चालत नाही. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या जोड्यांची अदलाबदल केलेली क्रॉसओव्हर तार लागते. गिगाबिट वेगाची कार्डे ही अदलाबदल सहसा स्वतःच करून घेतात.

पत्त्याची बाब मात्र अनेकांना चकवते. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता नावाचा चार आकड्यांचा क्रमांक असतो आणि ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यावर तो दिसतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे यंत्राने तो स्वतःच घेतलेला असतो आणि दोष तार, वायफाय किंवा राउटर यांच्यात शोधावा लागतो. पण एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.७ असा निघाला, तर घरात बहुधा दोन राउटर एकामागे एक बसलेले असतात: एक इंटरनेट देणाऱ्याने लावलेला आणि दुसरा आतल्या खोलीत वायफाय पोहोचावे म्हणून घरच्यांनी आणलेला. दोन्ही राउटर आपापले पत्ते वाटतात, दोन्हींकडून इंटरनेट मिळते, म्हणून काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही. परंतु दोन संगणक वेगवेगळ्या जाळ्यांत असल्यामुळे एकमेकांना शोधू शकत नाहीत. आतल्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ या प्रकारात चालवले, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकाकडेच ठेवले, की हा दोष नाहीसा होतो. पाहुण्यांसाठी उघडलेल्या ‘गेस्ट’ वायफायवर यंत्रे एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात, हेही इथेच तपासावे.

पत्ते जुळल्यावर ‘पिंग’ या आज्ञेने दुसऱ्या यंत्राला हाक देता येते. उत्तर आले तर वाट आहे हे सिद्ध होते. उत्तर आले नाही तर वाट नाही असे मात्र सिद्ध होत नाही, कारण फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी मागणी अडवणारी यंत्रणा, पिंगलाही अडवू शकते. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ही यंत्रणा आपोआप चालू ठेवण्यास सुरुवात केली, त्यामुळे तिच्या अपवादांच्या यादीत ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’वर खूण असणे आवश्यक ठरले. विंडोज सेव्हनमध्ये जाळे ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल तर फाइल वाटणी बंदच राहते. ते ‘होम’ करावे लागते. अँटीव्हायरसबरोबर आलेली वेगळी फायरवॉल तर सर्वांत शेवटी आठवते, आणि पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

आता त्या न दिसणाऱ्या चित्राकडे वळता येते. जुन्या विंडोजमधील नावांची पद्धत नेटबायोस नावाच्या व्यवस्थेवर उभी आहे, जी १९८३ मध्ये आयबीएमच्या छोट्या जाळ्यांसाठी सायटेक या कंपनीने तयार केली आणि जिच्यात संगणकाच्या नावाला १५ अक्षरांची मर्यादा होती. या जाळ्यात नावांची यादी ठेवणारा कायमचा अधिकारी नसतो. चालू असलेले संगणक आपसांत निवड घेऊन एकाला यादी सांभाळण्याचे काम देतात, बाकीचे सुरुवातीला थोड्या थोड्या वेळाने आणि नंतर दर १२ मिनिटांनी आपली हजेरी कळवतात, आणि तीन हजेऱ्या चुकल्यावरच एखाद्याचे नाव यादीतून निघते. परिणामी बंद करून ठेवलेला संगणक अर्धा तास यादीत दिसत राहतो आणि नुकताच चालू केलेला दिसत नाही. यादी वर्कग्रुपनुसार, म्हणजे संगणकांच्या नामधारी गटानुसार, बनते. एक्सपीच्या होम आवृत्तीने या गटाचे नाव ‘एमएसहोम’ ठेवले होते, तर प्रोफेशनल आवृत्तीने आणि पुढच्या विंडोजनी ‘वर्कग्रुप’, त्यामुळे दोन्ही यंत्रांवर एकच नाव लिहिल्यास यादी सुधारते. विंडोज टेनच्या अलीकडच्या आवृत्त्यांतून ही यादी सांभाळणारी जुनी सेवा गेली आहे आणि तिची जागा घेणारी नवी पद्धत एक्सपीला ठाऊक नाही, म्हणून त्या दोघांच्या बाबतीत चित्राची वाट पाहणे व्यर्थच असते.

यावरचा उपाय यादीला बाजूला ठेवण्याचा आहे. ‘रन’च्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यांना लागून दुसऱ्या यंत्राचा पत्ता, म्हणजे \\१९२.१६८.१.५ असे, इंग्रजी अंकांत लिहून एंटर दाबावे. फोल्डर उघडले तर तक्रार फक्त नावापुरती होती हे ठरते, आणि राउटरमध्ये त्या यंत्रासाठी तोच पत्ता राखून ठेवला की नावाचा प्रश्न कायमचा मिटतो. न उघडल्यास येणारा संदेश नीट वाचावा. ‘नेटवर्क पाथ’ सापडला नाही, म्हणजे क्रमांक ५३ ची त्रुटी, आल्यास दोष पत्ता, फायरवॉल किंवा पुढे येणाऱ्या नियमांच्या भेदात असतो. ‘ॲक्सेस डिनाइड’, म्हणजे क्रमांक ५ ची त्रुटी, हा संदेश निराश करणारा वाटला तरी ती चांगली खबर आहे, कारण मागणी पलीकडे पोहोचली आणि तिथे नाकारली गेली, इतके त्यातून निश्चित कळते.

नाकारण्यामागे ओळखीचा प्रश्न असतो. एक्सपीच्या होम आवृत्तीत ‘सिंपल फाइल शेअरिंग’ ही एकच पद्धत आहे आणि तीत बाहेरून येणारा प्रत्येक जण ‘गेस्ट’, म्हणजे अनोळखी पाहुणा, मानला जातो, मग त्याने कोणताही पासवर्ड दिला तरी फरक पडत नाही. प्रोफेशनल आवृत्तीत ही पद्धत बंद करता येते, पण मग दुसरा अडसर समोर येतो: घरातल्या संगणकांना पुष्कळदा पासवर्डच ठेवलेला नसतो, आणि पासवर्ड नसलेल्या खात्याने समोर बसून काम करता येते, जाळ्यातून प्रवेश मिळत नाही, असा विंडोजचा नियम आहे. दोन्ही संगणकांवर एकाच नावाचे खाते, एकच पासवर्ड ठेवून, उघडणे हा यावरचा सर्वांत टिकाऊ उपाय होय. आधी चुकीच्या नावाने जोडणी झाली असेल तर विंडोज त्याच यंत्राशी दुसऱ्या नावाने जोडू देत नाही, म्हणून जुनी जोडणी तोडावी किंवा संगणक पुन्हा चालू करावा.

परवानग्याही दुहेरी असतात, आणि वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा असूनही आतल्या खोलीला कडी असावी, तसा प्रकार इथे घडतो. फोल्डर वाटणीला लावताना दिलेली परवानगी वेगळी आणि एनटीएफएस, म्हणजे डिस्कवरील फाइलव्यवस्थेची, परवानगी वेगळी. दोहोंतली जी कडक असेल ती लागू होते. त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून ओढून आणलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येते, तर कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. म्हणूनच एकाच फोल्डरमधल्या दहा फाइल उघडतात आणि अकरावी उघडत नाही.

सर्वांत अवघड गाठ नियमांच्या भेदाची आहे. विंडोजमधील फाइल वाटणी एसएमबी नावाच्या नियमावलीने चालते, जी १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. एक्सपीला या नियमावलीची फक्त पहिली आवृत्ती येते. विंडोज सेव्हनला पहिली आणि दुसरी दोन्ही येतात, म्हणून त्या दोघांचे जुळते. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिल्या आवृत्तीतील एका गंभीर भगदाडाची दुरुस्ती दिली, परंतु ती न बसवलेल्या संगणकांवर १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर हल्ला केला, आणि एक्सपीची मुदत संपून तीन वर्षे झालेली असूनही कंपनीला त्यासाठी खास दुरुस्ती द्यावी लागली. त्याच भगदाडाचाही वापर करणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या विषाणूने २७ जून रोजी मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीला गाठले आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज टेनच्या आवृत्तीपासून पहिली एसएमबी मूळ मांडणीतून काढण्यास सुरुवात झाली, आणि तेव्हापासून एक्सपी व टेन यांना समान नियमच उरले नाहीत.

ती आवृत्ती पुन्हा चालू करता येते, आणि सरसकट तोच सल्ला दिला जातो, परंतु तो अपुरा व धोक्याचा आहे. विंडोज टेनच्या ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत एसएमबी १.० खाली क्लायंट, सर्व्हर आणि आपोआप काढून टाकणे असे तीन वेगळे पर्याय असतात. त्यांपैकी क्लायंट, म्हणजे मागणारी बाजू, एवढीच चालू करावी; फोल्डर एक्सपीवरून वाटणीला लावावे; सर्व्हर बंदच ठेवावा आणि तिसऱ्या पर्यायावरची खूण राहू द्यावी, म्हणजे १५ दिवस वापर झाला नाही तर विंडोज ती बाजू स्वतःच काढून टाकते. एक्सपीला पत्ता हाताने द्यावा आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ची, म्हणजे घराबाहेरच्या वाटेची, जागा रिकामी सोडावी, की ते यंत्र घरात दिसते, इंटरनेटवर जात नाही. एवढे करण्याची तयारी नसेल तर पेनड्राइव्ह बरा; फक्त एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, हे ध्यानात ठेवावे.

फाइल पोहोचली आणि मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा गुंता दिसला, तर तो दोष जाळ्याचा नसतो. जुन्या प्रणालींनी देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असल्यामुळे तोच फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर मजकूर वाचता येत नाही. ज्यांच्या घरी असा जुना संगणक आहे, त्यांनी फोल्डर उघडल्याच्या दिवशीच त्यातील मजकुराची, आणि त्याबरोबर फॉन्टचीही, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम जुने यंत्र चालू आहे तोवरच हाती घ्यावे.