माणसामागे उडणारे ड्रोन : आरंभ कोठून करावा?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाते. ‘मॉयल’ या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची भूमिगत खाण येथे आहे. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे तिची खुली खाण आहे. खाण व्यवसायात ड्रोनचा प्रवेश आता नियमानेच झाला आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये खनिज संवर्धन व विकास नियमांत दुरुस्ती केली. वर्षाला दहा लाख टन वा अधिक उत्खननाचा आराखडा असलेल्या, अथवा ५० हेक्टर वा अधिक क्षेत्राच्या खाणपट्ट्यांचे दरवर्षी ड्रोनद्वारे सर्वेक्षण करणे त्यानुसार बंधनकारक झाले. गावठाणांची मोजणी करण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेमुळे तर ड्रोन खेडोपाडी पोहोचले.

ही सर्व ड्रोन आधी आखून दिलेल्या मार्गावरून उडतात. माणूस वळला की वळणारे आणि तो थांबला की थांबणारे ड्रोन ही निराळी गोष्ट आहे. असे ड्रोन आपण स्वतः तयार करावे, असे तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेक तरुणांना वाटते. ते अशक्य नाही. मात्र, त्यातील खरी अडचण कोठे आहे, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

उडणे सोपे झाले आहे

चार पंख्यांचे ड्रोन स्वभावतः अस्थिर असते. चारही मोटरींचा वेग क्षणोक्षणी बदलत राहिला, तरच ते हवेत तोल सांभाळते. हे काम ‘फ्लाइट कंट्रोलर’ नावाची छोटी संगणकीय पाटी करते. कल आणि वेगातील बदल मोजणारे संवेदक, हवेच्या दाबावरून उंची सांगणारा वायुदाबमापक, इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि जीपीएस यांच्याकडून आलेली माहिती एकत्र करून ती मोटरींना सेकंदाला शेकडो वेळा आज्ञा देते.

ही आज्ञावली आज नव्याने लिहावी लागत नाही. ‘आर्डूपायलट’ आणि झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून पुढे आलेली ‘पीएक्स-४’ या दोन मुक्त प्रणाली कोणालाही विनामूल्य मिळतात. माणसाच्या मागे जाण्याची सोयही दोन्हींत आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या ‘आयडियाफोर्ज’ने याच क्षेत्रात मोठी झेप घेतली. ‘थ्री इडियट्स’ या २००९ च्या चित्रपटात दिसलेले उडते यंत्र याच कंपनीचे होते. तेव्हा जे नवलाचे होते, ते आज सुटे भाग जोडून घरी उभे करता येते.

माणूस नेमका कोठे आहे?

मागे जायचे, तर पुढचा माणूस कोठे आहे हे ड्रोनला सतत कळले पाहिजे. याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात त्या माणसाच्या खिशातील मोबाइल फोन आपले जीपीएस स्थान रेडिओद्वारे ड्रोनला कळवत राहतो. ड्रोन आपले आणि फोनचे स्थान ताडून पाहते आणि ठरलेले अंतर राखते.

येथे साधा हिशेब करून पाहावा. मोकळ्या आकाशाखाली फोनने दाखवलेले स्थान सुमारे पाच मीटरने चुकू शकते. ड्रोनवरील जीपीएसची चूक दोन-तीन मीटरची धरावी. फोन साधारणपणे सेकंदाला एकदा नवे स्थान देतो आणि धावणारा माणूस तेवढ्यात तीन मीटर पुढे गेलेला असतो. या सर्व चुका एकाच दिशेने जुळल्या, तर ड्रोनच्या समजुतीत आणि वास्तवात दहा-अकरा मीटरचा फरक पडतो. म्हणूनच नवशिक्याने ड्रोन माणसापासून पंधरा मीटरच्या आत आणण्याचा मोह टाळावा.

उंचीचा प्रश्न याहून बिकट आहे. जीपीएसची उंची आडव्या स्थानापेक्षा अधिक चुकते, म्हणून ड्रोन वायुदाबमापकावर भिस्त ठेवते. परंतु तो उड्डाणस्थळापासूनची उंची सांगतो, पायाखालच्या जमिनीपासूनची नव्हे. खाणीच्या मुलखात दगडमातीचे ढिगारे असतात. सपाटीवरून पंधरा मीटर उंच उडवलेल्या ड्रोनपुढे माणूस वीस मीटरचा चढ चढून गेला, तर ड्रोन सरळ त्या चढावर आदळेल. होकायंत्राचेही तसेच. लोखंडी यंत्रे, रूळ, वीजवाहक तारा यांच्या सान्निध्यात ते चुकीची दिशा दाखवते. मग ड्रोन एका जागी स्थिर न राहता वाढत्या वर्तुळात फिरू लागते.

दुसरा मार्ग कॅमेऱ्याचा. ड्रोनवरील छोटा संगणक प्रत्येक चित्रात माणूस शोधतो आणि तो चित्राच्या मध्यभागी राहील अशी हालचाल करवतो. येथे फोन लागत नाही; पण माणूस झाडाआड गेला किंवा तशाच कपड्यांतील दुसरा माणूस समोर आला की संगणक फसतो. अमेरिकेतील ‘स्कायडिओ’ कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या अशा ड्रोनवर तब्बल तेरा कॅमेरे होते, ते उगीच नव्हे. त्याच देशातील ‘लिली’ या कंपनीने २०१५ मध्ये मागे उडणाऱ्या ड्रोनची घोषणा केली. सुमारे ६० हजार जणांनी आगाऊ मागणी नोंदवली. मात्र, एकही ड्रोन ग्राहकांच्या हाती न देता २०१७ च्या जानेवारीत कंपनीने गाशा गुंडाळल्याचे जाहीर केले.

चिखल्यासारख्या भूमिगत खाणीत तर पहिला मार्ग पूर्णतः बंद होतो, कारण उपग्रहाचा संदेश जमिनीखाली पोहोचत नाही. तेथे कॅमेरा किंवा लेसर किरणांनी भिंती मोजत जाणारे यंत्रच उपयोगी पडते. ते संशोधन संस्थांचे काम आहे. नवशिक्याचे क्षेत्र उघड्या आकाशाखालचेच.

क्रम कसा असावा?

आरंभ संगणकावर करावा. वर उल्लेखिलेल्या दोन्ही प्रणालींसोबत आभासी ड्रोन मिळते. ते पडले तरी काही मोडत नाही. मागे जाण्याची आज्ञा, अंतर, उंची यांचे सर्व प्रयोग येथे करता येतात.

त्यानंतर लहान ड्रोन रिमोटने हाताने उडवण्याचा भरपूर सराव करावा. स्वयंचलित यंत्र बिघडले की ते सांभाळायला माणसाचेच हात लागतात. मग जोडणीकडे वळावे. सांगाडा, चार मोटरी, त्यांचे वेगनियंत्रक, पंखे, फ्लाइट कंट्रोलर, जीपीएस, रिमोट आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी एवढे साहित्य पुरते. चारही मोटरी मिळून ड्रोनच्या वजनाच्या सुमारे दुप्पट जोर देतील, असे भाग निवडावेत. जोडणीच्या सर्व चाचण्या पंखे काढून कराव्यात, कारण हे पंखे बोट कापू शकतात. बॅटरी भरताना तिच्याजवळून हलू नये.

जोडलेले ड्रोन प्रथम एका जागी स्थिर ठेवावे, नंतर ठरलेल्या बिंदूंवरून फिरवावे. रिमोटचा संपर्क तुटल्यास किंवा बॅटरी उतरल्यास ते आपोआप परत येते की नाही, हे मुद्दाम तपासावे. फोनचा संदेश थांबला, तर ड्रोनने अंदाजाने पुढे न जाता जागीच थांबले पाहिजे. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय त्याला माणसाच्या मागे सोडू नये. त्यानंतरही प्रथम ड्रोनने जागेवर राहून केवळ माणसाकडे तोंड वळवावे, मग चालणाऱ्याच्या मागे जावे आणि धावणाऱ्याचा क्रमांक शेवटी यावा. प्रत्येक वेळी रिमोट दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती असावा. ज्याच्या मागे ड्रोन आहे, त्याचे लक्ष वाटेकडे असते.

नियम आणि जागा

देशात २०२१ चे ड्रोन नियम लागू झाले, तेव्हापासून वजनानुसार वर्ग ठरले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’, तर त्यापुढे दोन किलोपर्यंतचे ‘मायक्रो’. घरी जोडलेले ड्रोन बहुधा दुसऱ्या वर्गात मोडते. या नियमांनुसार ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. बिगरव्यावसायिक वापरासाठी मायक्रो ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्राची अट नाही. हवाई नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीविना उडता येते. तरीही उड्डाणापूर्वी नकाशा आणि त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत. खाणपट्ट्यात व्यवस्थापनाच्या आणि अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीविना ड्रोन नेऊ नये. खाणीत सुरुंगाचे काम चालते, हे विसरता कामा नये.

धानाची कापणी झाल्यावर तुमसर परिसरातील बांध्या मोकळ्या होतात. वीजतारांपासून दूर, गुराख्यांची व मुलांची वर्दळ नसलेली अशी बांधी पहिल्या उड्डाणाला योग्य. शेतमालकाला आधी विचारावे आणि वारा पडलेला असताना, सकाळीच ड्रोन बाहेर काढावे.