इटलीचें ऐक्य

इ. स. १८१५ नंतरचा इटली देश म्हणजे लहानमोठ्या संस्थानांचा समूह; त्यांतून लोंबार्दी व व्हेनिस ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं. एका भाषेनें हे लोक जोडले होते म्हणावें, तर श्रोत्यांस नवल वाटेल. सिसिलीच्या शेतकऱ्याचें बोलणें मिलानच्या व्यापाऱ्यास उमगत नसे, आणि ऐक्याचा सूत्रधार काव्हूर स्वतः फ्रेंचच अधिक सफाईनें लिही! आपण एक आहों ही जाणीव प्रथम सुशिक्षित तरुणांत रुजली, व १८३१ सालीं मॅझिनीनें ‘तरुण इटली’ ही संस्था स्थापून तिला व्रताचें रूप दिलें.

तिची कसोटी १८६० सालीं लागली. सुमारें एक हजार स्वयंसेवकांसह गॅरिबाल्डी मे महिन्यांत सिसिलींत उतरला. सप्टेंबरांत नेपल्स त्याच्या हातीं आलें. वृत्तीनें तो प्रजासत्ताकवादी. तरीही २६ ऑक्टोबर रोजीं तेआनोजवळ त्यानें व्हिक्टर इमॅन्युएल यास इटलीचा राजा म्हणून वंदन केलें, आणि जिंकलेला मुलूख सोडून तो काप्रेरा बेटावर आपल्या शेतीकडे परतला.

१७ मार्च १८६१ रोजीं राज्य घोषित झालें. १८६६ त व्हेनिस व १८७० त रोम त्यास मिळालें. मॅझिनीस मात्र राजसत्ता अखेरपर्यंत मान्य झाली नाहीं. १८७२ सालीं पीसा येथें तो वारला, तो खोट्या नांवानें राहत असतां.