वेगाची पारख

लॅपटॉप विकत घेण्यास निघालेल्या मनुष्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती आकड्यांची. एका यंत्रावर २.७ गिगाहर्ट्झ असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यावर १.६. पहिला आकडा मोठा, म्हणून पहिले यंत्र अधिक वेगवान, असा निष्कर्ष कोणीही सहज काढील. परंतु हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा ठरतो आणि काटकसरीने साठवलेला पैसा नको त्या यंत्रावर खर्च होतो. म्हणून हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रोसेसर हा लॅपटॉपचा मेंदू होय. बेरीज करणे, दोन संख्यांची तुलना करणे, माहिती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवणे, अशी अगदी साधी कामे तो करतो. पण ती विलक्षण झपाट्याने करतो. सिलिकनच्या लहानशा तुकड्यावर कोरलेले ट्रान्झिस्टर विजेचा प्रवाह सोडून व अडवून ही कामे पार पाडतात. त्या सर्वांनी एका तालात चालावे, म्हणून त्यांना घड्याळाप्रमाणे ठोके दिले जातात. एका सेकंदात शंभर कोटी ठोके पडले, तर त्या गतीस एक गिगाहर्ट्झ म्हणतात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा केवळ दहा सेंटिमीटर अंतर कापू शकतो. इतका तो वेळ अल्प असतो!

तथापि ठोक्यांची संख्या म्हणजे काम नव्हे. पूर्वी खेड्यापाड्यांतून विहिरीचे पाणी मोटेने काढीत. एका शेतकऱ्याचे बैल चपळ असले आणि तासाला त्यांच्या पुष्कळ खेपा झाल्या, तरी मोट लहान असेल तर थारोळ्यात पाणी थोडेच पडणार. शेजाऱ्याचे बैल संथ चालीचे असले, पण त्याची मोट मोठी असली, तर त्याचे शेत आधी भिजेल. प्रोसेसरचेही तसेच आहे. सेकंदाला किती ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्यात किती काम उरकते, ह्या दोहोंच्या गुणाकारावर त्याचा खरा वेग अवलंबून असतो.

ह्याचा प्रत्यय २००० नंतरच्या काही वर्षांत आला. त्या वर्षी इंटेल कंपनीने पेंटियम ४ हा प्रोसेसर बाजारात आणला. ठोक्यांची संख्या वाढावी म्हणून त्यात प्रत्येक काम वीस लहान लहान टप्प्यांत विभागले होते. बांधकामावर माणसांची लांब रांग घमेली हातोहात पुढे देते, तशी ही रचना होती. रांगेतील प्रत्येकाचे काम लहान झाले की घमेली भरभर सरकतात. पण पहिल्याच माणसाने चुकीचा माल भरला, तर रांगेतील सारी घमेली रिकामी करून पुन्हा आरंभ करावा लागतो. आणि रांग जितकी लांब, तितका हा तोटा मोठा. पुढे कोणते काम येणार ह्याचा प्रोसेसरला आधी अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज चुकला की त्याचेही असेच होते.

२००३ मध्ये त्याच कंपनीने पेंटियम एम हा खास लॅपटॉपसाठी बनवलेला प्रोसेसर पुढे आणला. इस्रायलमधील हैफा येथील अभियंत्यांनी त्याची आखणी केली होती. त्याचे ठोके १.६ गिगाहर्ट्झच्या आसपास असत. तरीही अनेक कामांत तो २.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ च्या तोडीस तोड उतरे. शिवाय तो कमी तापे व बॅटरीही जपून वापरी.

उष्णता हाच ह्या शर्यतीतील मोठा अडसर ठरला. ठोके वाढवायचे तर विजेचा दाबही वाढवावा लागतो आणि त्यामुळे उष्णता ठोक्यांहूनही जलद वाढते. पेंटियम ४ ची मजल ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेली. पण ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणण्याचा बेत कंपनीने २००४ मध्ये सोडून दिला. त्यानंतर अभियंत्यांनी दुसरी वाट धरली. एकाच चिपवर दोन, चार, आठ असे अनेक गाभे, म्हणजे कोर, बसवण्यात येऊ लागले.

आता आरंभीचे दोन आकडे पुन्हा पाहू. २०१६ चा कोअर आय७-७५००यू हा प्रोसेसर २.७ गिगाहर्ट्झचा होता आणि त्यात दोन कोर होते. पुढच्याच वर्षी आलेला कोअर आय५-८२५०यू १.६ गिगाहर्ट्झचा होता, पण त्यात चार कोर होते. हे त्यांचे मूळ वेग होत. गरज पडल्यास दोघेही काही काळ ३.४ ते ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत धाव घेत. नावातील ‘सात’ हा आकडा मोठा आणि मूळ ठोकेही अधिक. तरीही चलच्चित्र तयार करण्यासारख्या, वाटून घेता येणाऱ्या कामात नवा ‘पाच’ जुन्या ‘सात’च्या पुढे निघून जाई.

मात्र प्रत्येक काम वाटून घेता येते असे नाही. चार जणींनी चार चुलींवर पोळ्या केल्या, तर पंगत लवकर बसते. पण एका पातेल्यातील भात चौघी भोवती बसल्या म्हणून लवकर शिजत नाही. ज्या कामातील प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असते, तेथे अधिक कोर फारसे उपयोगी पडत नाहीत. तेथे एकट्या कोरचे बळच कामास येते.

१९७१ मधील इंटेल ४००४ ह्या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० मधील ॲपलच्या एम१ चिपवर ते १,६०० कोटी झाले. ही वाढ सुमारे सत्तर लाख पट आहे. ठोक्यांची वाढ मात्र सुमारे ४,३०० पटच आहे. बैलांची चाल वाढली त्याहून कितीतरी अधिक मोट मोठी झाली, आणि मोटांची संख्याही वाढली. एम१ बसवलेल्या मॅकबुक एअर ह्या लॅपटॉपला तर थंड ठेवण्यासाठी पंखाही लागला नाही.

तेव्हा दोन प्रोसेसरांची तुलना करायची असेल, तर दोहोंना एकच काम द्यावे आणि लागलेला वेळ मोजावा. ते काम बराच वेळ चालू ठेवावे. कारण तापलेला प्रोसेसर आपले ठोके आपणच कमी करतो. शिवाय मंद चालणाऱ्या प्रत्येक जुन्या लॅपटॉपमध्ये दोष प्रोसेसरचाच असतो असेही नाही. पुष्कळदा फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की तेच यंत्र पुन्हा तरतरीत होते. लेख लिहिणे, हिशेब ठेवणे, धडे वाचणे ह्यांसाठी ते आणखी काही वर्षे पुरते. जे काम आपल्याला करावयाचे आहे, ते यंत्र किती वेळात पार पाडते, हे आधी पाहावे. आकड्यांकडे त्यानंतर वळावे. असे केल्यास पैसाही वाचतो आणि चांगले यंत्र अकाली अडगळीत पडत नाही.